कडी-कोयंड्यावाचून: शिंगणापूर आणि देवाच्या न्यायावरचा भरवसा

शनी शिंगणापूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातले काही हजार वस्तीचे गाव. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते साधारण ३५ किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की घोडेगावला आत वळायचे, राहुरीकडून आले तर सोनईवरून जायचे. भोवती उसाचे शिवार, जवळच सोनईचा साखर कारखाना. एरवी हे गाव या जिल्ह्यातल्या कोणत्याही बागायती गावासारखेच दिसले असते. त्याचे वेगळेपण घरांच्या तोंडाशी आहे. इथल्या जुन्या घरांना चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. दार नाही म्हणून कडी नाही, कोयंडा नाही आणि कुलूपही नाही.

दाराच्या जागी बहुतेक ठिकाणी कापडाचा पडदा असतो. रात्री कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवतात. ती फळी बिजागरीवर बसवायची नाही आणि आतून अडकवायची नाही, हा गावाचा दंडक. पैसे, दागिने, धान्य, भांडीकुंडी सारे अशाच घरात राहते. पाहुणा आला तर दार वाजवण्याचा प्रश्न येत नाही, तो बाहेरून हाक मारतो. चार दिवस परगावी जाणारे कुटुंब शेजाऱ्याला 'जरा घराकडे बघा' असे सांगत नाही. सार्वजनिक शौचालयांनाही आडोशापुरता पडदाच असतो. गावाला ही रीत कोणी कायद्याने लावलेली नाही. घर राखणारा शनिदेव आहे आणि चोराला शिक्षा तोच देतो, या एका श्रद्धेवर ती उभी आहे.

प्रामाणिकपणा आणि देवाच्या न्यायावरचा विश्वास यांविषयी प्रवचने पुष्कळ होतात. पण एका अख्ख्या गावाने तो विश्वास घराच्या बांधकामात आणला, अशी उदाहरणे फार थोडी. म्हणूनच शिंगणापूरकडे नुसते नवल म्हणून पाहून पुढे जाणे बरोबर नाही. ही श्रद्धा माणसाच्या वागण्यावर कसा परिणाम करते, ती कुठे बळ देते आणि कुठे अपुरी पडते, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

गावातले देवस्थान म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळ्या पाषाणाची शिळा. तिची उंची सुमारे ५ फूट ९ इंच आणि रुंदी सुमारे दीड फूट. तिला नाक-डोळे कोरलेले नाहीत, वर शिखर नाही, भोवती गाभारा नाही. ऊन, पाऊस, वारा ती अंगावर घेते. भाविक तिला तेल घालतात. रुईच्या पानांची माळ, काळे उडीद आणि काळे वस्त्र वाहतात. शनी अमावास्येला, म्हणजे शनिवारी येणाऱ्या अमावास्येला, आणि वैशाख अमावास्येच्या शनी जयंतीला येथे लाखोंनी माणसे येतात.

या शिळेची आख्यायिका गावात घरोघरी सांगितली जाते. फार वर्षांपूर्वी मोठा पाऊस झाला, पानसनाळ्याला पूर आला आणि पुरात वाहत आलेली एक शिळा बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्यांनी तिला काठी टोचली तर तिच्यातून रक्त आले. त्या रात्री गावातल्या एकाच्या स्वप्नात शनिदेव आला. शिळा सख्ख्या मामा-भाच्यांनी उचलावी, असे त्याने सांगितले, आणि तसे केल्यावरच ती हलली. गावाने मंदिर बांधायची तयारी दाखवली तेव्हा त्याने नकार दिला. आभाळ हेच माझे छत, मला भिंती नकोत; तुमच्या घरांची राखण मी करीन, असा त्याचा शब्द होता.

या कथेचा इतिहास तपासता येणार नाही, पण तिच्यातला व्यवहार स्पष्ट आहे. देव स्वतः उघड्यावर उभा राहतो आणि गावालाही उघडे राहायला सांगतो. राखणीचे वचन त्याने दिले, त्याच्या बदल्यात गावाने संशय सोडायचा. दार लावणे म्हणजे देवाच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, असे जुनी माणसे मानतात ते यामुळे. चोराच्या शिक्षेच्या गोष्टीही तितक्याच ठाशीव आहेत. चोरी करणाऱ्याला गावाची शीव ओलांडता येत नाही, त्याची दृष्टी जाते, खोटेपणा करणाऱ्याच्या मागे साडेसाती लागते, असे इथले लेकरूही ऐकत मोठे होते.

शनीकडे न्यायाधीशाचे काम कसे आले, हे समजून घ्यायला त्याचे पुराणातले घराणे पाहावे लागते. शनी हा सूर्य आणि छाया यांचा मुलगा, यमाचा सावत्र भाऊ. लोकसमजुतीने दोघा भावांत कामाची वाटणी केली आहे. यम मेल्यानंतर हिशेब घेतो, शनी जिवंतपणीच घेतो. फलज्योतिषाने या हिशेबाला मुदतही घालून दिली. शनी ग्रहाला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे बारा राशींपैकी प्रत्येक राशीत तो अंदाजे अडीच वर्षे राहतो. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि तिच्या पुढची रास अशा तीन राशींतला त्याचा मुक्काम म्हणजे साडेसात वर्षे. हीच साडेसाती. ग्रहाचे फिरणे खगोलशास्त्राने मोजलेले आहे. त्या फिरण्याने कोणाच्या नशिबात काही घडते याला मात्र कोणताही शास्त्रीय आधार मिळालेला नाही. तरी ही मुदत लोकांच्या मनात पक्की बसली आहे, आणि तिच्यात एक दिलासाही आहे. शिक्षा कडक असली तरी ती संपते.

मराठी घरांत शनीची ओळख मुख्यतः शनिमाहात्म्याच्या पोथीतून झाली. शनिवारी ती वाचण्याची प्रथा आजही अनेक घरांत आहे. पोथीतली कथा उज्जयिनीच्या विक्रम राजाची. दरबारात पंडित एकेका ग्रहाची थोरवी सांगत असतात. शनीची पाळी येते तेव्हा राजा त्याची हेटाळणी करतो, आणि साडेसाती त्याला गाठते. एक घोडा त्याला दूरदेशी नेऊन टाकतो. परक्या नगरीत एका सावकाराच्या घरी तो उतरतो. त्या घरात खुंटीवर टांगलेला हार भिंतीवरच्या चित्रातला हंस गिळतो आणि चोरीचा आळ विक्रमावर येतो. तिथला राजा त्याचे हातपाय तोडायला लावतो. एक तेली त्याला आसरा देऊन घाण्यावर बसवतो. पुढे त्याच्या गाण्याने दिवे लागतात, राजकन्या त्याला वरते, शनी प्रसन्न होतो, हातपाय परत येतात आणि चित्रातला हंस गिळलेला हार सर्वांदेखत बाहेर टाकतो. वर मागायची वेळ येते तेव्हा विक्रम स्वतःसाठी काही मागत नाही. मला दिलास तसा त्रास दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, एवढेच तो म्हणतो.

या कथेकडे बारकाईने पाहिले तर तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नजरेत येते. विक्रमाने चोरी केलेली नाही. पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, शिक्षा देणारा राजा रीतसर शिक्षा देतो, आणि तरीही तो न्याय चुकलेला असतो. माणसांचा न्याय पुराव्यावर चालतो आणि पुरावा फसवू शकतो, हे पोथीला ठाऊक आहे. म्हणून तिला वरच्या न्यायाची गरज वाटते. खोट्या आळाखाली दबलेल्या माणसाला, कोर्टात हेलपाटे घालून थकलेल्या शेतकऱ्याला, बांधाच्या भांडणात जमीन गमावलेल्या विधवेला या कथेतून जो धीर मिळतो, तो खरा आहे आणि त्याची किंमत कमी लेखू नये.

मात्र याच श्रद्धेची एक बाजू घातक आहे. जगात प्रत्येकाला कर्माप्रमाणेच मिळते असे एकदा मानले की दुःखात पडलेला माणूस आपोआप अपराधी ठरतो. आजारी माणसाने काहीतरी केले असेल, विधवेच्या पायगुणाने घात झाला असेल, कर्जबाजारी शेतकऱ्याला साडेसाती चालू असेल, असे बोलणे गावोगाव ऐकू येते. हा दोष केवळ आपल्या समाजाचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात प्रयोग करून दाखवले की निरपराध व्यक्तीला त्रास होताना पाहणारे आणि तिला मदत करू न शकणारे लोक हळूहळू तिलाच कमी लेखू लागतात. जग न्यायी आहे हा आपला समज टिकावा म्हणून मन पीडिताच्या माथी दोष मारते. पोथीतला विक्रम याचे उत्तर देतो. स्वतः भोगल्यावर तो दुसऱ्याच्या भोगाचा हिशेब मांडत नाही, तो भोग टळावा म्हणून मागणे मागतो. देवाच्या न्यायावरचा विश्वास स्वतःच्या हाताला आवर घालतो तोवर तो माणसाला सरळ ठेवतो. तोच विश्वास दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला वापरला की क्रूर होतो.

देवाला साक्षीला किंवा न्यायासनावर बसवण्याची रीत मराठी मुलखात शिंगणापुरापुरती नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, हद्दीचे, वारशाचे तंटे गोतसभेपुढे किंवा मजलसीपुढे जात. अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे फिर्यादी आणि प्रतिवादी, आपापली हकिगत सांगत, कागद पाहिले जात, साक्षीदारांना बेल-भंडार उचलून शपथ घ्यावी लागे. बेल महादेवाचा, भंडार खंडोबाचा. तो हातात घेऊन खोटे बोलणे म्हणजे घराण्यावर संकट ओढवून घेणे, अशी समजूत होती. एवढ्यानेही निकाल लागला नाही तर दिव्य, म्हणजे देवाला साक्षी ठेवून शारीरिक कसोटी, करण्याची वेळ येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर उघडून पाहायचे. फोड आले नसतील तर माणूस खरा, आले असतील तर खोटा. निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई आणि त्यावर गोतातल्या लोकांच्या निशाण्या पडत.

दिव्याचा निकाल आज कोणी न्याय म्हणणार नाही. उकळते तेल खऱ्या-खोट्याचा भेद जाणत नाही. युरोपातही अशीच दिव्ये चालत. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने पाद्र्यांना त्यांत भाग घ्यायला मनाई केली आणि तिथे ती हळूहळू मागे पडली. शपथ मात्र टिकली. इंग्रजी अमदानीतल्या १८७३ च्या शपथ कायद्यात पक्षकाराच्या जातिधर्मात बंधनकारक मानली जाणारी विशेष शपथ घेऊन त्याचे बोलणे मान्य करण्याची सोय होती. आजचा कायदा १९६९ चा. त्याप्रमाणे साक्षीदार ईश्वरासमक्ष शपथ घेऊ शकतो आणि ज्याची तशी श्रद्धा नाही तो गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. दोन्हींचे वजन सारखेच धरले जाते. म्हणजे देवाला मानणारा आणि न मानणारा या दोघांकडूनही खरे बोलण्याची अपेक्षा एकच आहे, ती पाळण्याचा आधार मात्र ज्याचा त्याने निवडायचा.

शिक्षा देणाऱ्या देवावर विश्वास असला की माणूस खरोखरच प्रामाणिक वागतो का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. २०१६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातल्या आठ वेगवेगळ्या समाजांतल्या ५९१ लोकांना नाणी वाटून घेण्याचा एक खेळ खेळायला दिला होता. नाणे कुठे टाकले हे कोणी पाहत नसे, त्यामुळे फसवणूक सहज करता येत होती. आपला देव सर्व जाणतो आणि शिक्षा करतो असे मानणाऱ्यांनी दूर राहणाऱ्या अनोळखी पण आपल्याच देवाला मानणाऱ्या लोकांच्या वाट्याला जास्त प्रामाणिकपणे नाणी टाकली. देवाच्या नजरेची जाणीव हाताला आवरते, असा याचा अर्थ. त्याच वेळी हा प्रामाणिकपणा एकाच देवाला मानणाऱ्यांमधला होता, हेही विसरता येत नाही.

शिंगणापूरच्या जुन्या रीतीचे बळ नेमके इथेच होते. गाव लहान होते. सगळे एकमेकांना नावाने आणि पिढ्यांनी ओळखत. नवा माणूस आला की दिवसभरात सर्वांना कळे. कोणाच्या घरात काय आहे हे जसे माहीत, तसेच कोणाच्या हाती अचानक पैसा आला हेही लपत नसे. बंद दाराआड काही नाही म्हटल्यावर सगळे व्यवहार सर्वांच्या डोळ्यांसमोर. देवाची नजर आणि शेजाऱ्याची नजर एकमेकींना बळ देत होत्या. श्रद्धेचे श्रेय यामुळे कमी होत नाही. कारण शेजारी झोपल्यावर, अंधारात, दुसऱ्याच्या उघड्या चौकटीपुढून जाताना जो पाय आत वळत नाही, तो श्रद्धेनेच आवरलेला असतो. अशा हजारो रात्रींवर गावाची कीर्ती उभी राहिली.

देवाच्या न्यायाकडे पाहण्याची शिक्षेपलीकडची रीतही याच परिसरात जन्मली. तालुक्याचे गाव नेवासे. तिथे १२९० साली, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात तो पैस खांब आजही तिथे आहे. ग्रंथाच्या शेवटी पसायदानात ते दुष्टांचा नाश मागत नाहीत. दुष्टांचे दुष्टपण जावे आणि त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागावी, असे मागतात. समाजाने छळलेल्या कुटुंबातल्या मुलाने इतक्या लहान वयात हे मागावे, ही मराठीतली फार मोठी गोष्ट आहे. शेजारच्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महिपती झाले, १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ. ते गावचे कुलकर्णी होते. पूजेत असताना सरकारी बोलावणे आले, ते टाळता आले नाही, आणि त्या दिवसापासून त्यांनी कुलकर्णीपण सोडून लेखणी फक्त संतचरित्रांसाठी चालवली, असे परंपरा सांगते. १७६२ सालच्या त्यांच्या 'भक्तविजय'मध्ये मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने जाब विचारला तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला आणि धान्याची किंमत भरून आला. इथे देवाचा न्याय चोराचे डोळे काढत नाही, प्रामाणिक माणसाचे देणे फेडतो. नियम मोडला तो दामाजींनी, तरी देव त्यांच्या बाजूने उभा राहतो. कारण त्यांनी स्वतःसाठी दाणाही घेतला नव्हता. शिंगणापूरचा देव आणि महिपतींचा विठोबा एकाच जिल्ह्यात नांदले हे ध्यानात घेतले, म्हणजे न्यायाविषयीची इथली कल्पना किती भरीव आहे ते कळते.

शिंगणापूरची परीक्षा सुरू झाली ती गाव प्रसिद्ध झाल्यावर. १९९० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या 'सूर्यपुत्र शनिदेव' या चित्रपटाने आणि पुढे दूरचित्रवाणीने हे नाव देशभर पोचवले. शिर्डीला आलेले भाविक एका दिवसात शिंगणापूरही करू लागले. वाहनतळ, पूजासाहित्याची दुकाने, भक्तनिवास, खानावळी उभ्या राहिल्या. आता गावात रोज येणारी बहुतेक माणसे अनोळखी असतात. त्यांतले कितीजण शनीला भिऊन आले आणि कितीजण गर्दीचा फायदा घ्यायला, हे कोणाला सांगता येणार? २०१० मध्ये एका भाविकाने आपल्या गाडीतून सुमारे ३५ हजार रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार नोंदवली. २०११ मध्ये सुमारे ७० हजार रुपयांचे दागिने गेल्याची तक्रार झाली. या घटना गावाबाहेर घडल्या, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते.

जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने गावात शाखा काढली आणि ती देशातली पहिली बिनकुलुपाची बँक म्हणून गाजली. गावाच्या श्रद्धेचा मान राखून तिला पारदर्शक काचेचे दार बसवले होते. त्या दाराला दुरून चालणारे, सहज न दिसणारे विद्युतचुंबकीय कुलूप असल्याचेही तेव्हा छापून आले होते. यात बँकेला दोष देण्याचे कारण नाही. तिच्याकडचे पैसे लोकांचे होते, आणि लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याने स्वतःच्या श्रद्धेवर ते सोडून देणे हा प्रामाणिकपणा ठरत नाही. आपले घर उघडे ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे; दुसऱ्याची ठेव उघडी ठेवण्याचा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये गावाला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले, तेही दर्शनी दाराशिवाय. पुढचे काही महिने तिथे गावकऱ्यांची एकही तक्रार आली नव्हती.

त्याच वर्षी न्यायाचा एक निराळा प्रश्न या चौथऱ्यापाशी येऊन ठेपला. परंपरेने स्त्रियांना चौथऱ्यावर जायला बंदी होती. याविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० च्या सुमारासच आंदोलन केले होते. नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस एका तरुणीने चौथऱ्यावर चढून शिळेला तेल वाहिले. त्यावर कर्मचारी निलंबित झाले आणि शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. देवाचे दर्शन घेणारी स्त्री अशुद्धीचे कारण ठरली, हे अनेकांना बोचले. २६ जानेवारी २०१६ रोजी कार्यकर्त्या तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या स्त्रिया शिंगणापूरकडे निघाल्या, त्यांना वाटेत सुपे येथे अडवले गेले. दरम्यान कार्यकर्त्या विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मंदिरप्रवेशाच्या १९५६ च्या राज्य कायद्याकडे बोट दाखवून न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सांगितले की जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे स्त्रियांना अडवता येणार नाही आणि कायदा पाळला जाईल हे पाहणे सरकारचे काम आहे. विश्वस्तांनी आधी पुरुषांनाही चौथरा बंद ठेवून समानता राखण्याचा मार्ग काढला होता. गुढीपाडव्याला गोदावरीचे पाणी आणून शिळेला स्नान घालण्याची प्रथा आहे. ८ एप्रिलच्या पाडव्याला पुरुषांनी बंदी मोडून चौथऱ्यावर जाऊन ते पाणी घातले आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी स्त्रियांनाही चौथरा खुला केला. शनीचा कोप झाला नाही, गावावर संकट आले नाही. ज्या देवाला भिंती नको होत्या त्याच्याभोवती माणसांनी उभी केलेली एक भिंत त्या दिवशी पडली.

भाविकांबरोबर पैसाही आला. गावकऱ्यांच्या घरांत कुलूप नसले तरी देवस्थानच्या उत्पन्नाचे वहीखाते असणे अटळ होते. कारभार श्री शनैश्वर देवस्थान ट्रस्टकडे होता. तो नीट चालावा म्हणून २०१८ साली विधिमंडळाने या देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा केला. तरी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत गंभीर गोष्टी पुढे आल्या. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून पूजेच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे घेतल्याचा आणि कागदावर प्रत्यक्षात नसलेले कर्मचारी दाखवल्याचा आरोप होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात त्याची माहिती देऊन कारवाईचे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने जिल्हाधिकाऱ्यांना देवस्थानचे प्रशासक म्हणून नेमण्याचा निर्णय घेतला. दोष कोणाचा किती, हे ठरवणे तपास यंत्रणांचे आणि न्यायालयाचे काम आहे. पण श्रद्धाळू माणसाला या बातमीने जे दुःख झाले ते समजण्यासारखे आहे. शनीच्या भीतीने शेजाऱ्याच्या घरातली सुई न उचलणारे गाव, आणि शनीच्याच नावाने भरणारी पेटी असुरक्षित.

हे कसे घडू शकते याचे कारण गूढ नाही. शेजाऱ्याच्या घरातली वस्तू उचलताना ती कोणाची हे ठाऊक असते, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. दूर देशातून मोबाइलवरून आलेल्या पैशाला चेहरा नसतो. त्यातून गेलेली रक्कम एकाच घराला जाणवत नाही आणि घेणाऱ्याला ती चोरी वाटतही नाही. गावाच्या श्रद्धेने चोरीची व्याख्या घराच्या उंबऱ्यापाशी केली होती. कागदावरचा गैरव्यवहार तिच्या कक्षेत कधी आलाच नव्हता. म्हणून देवस्थानाला शनीच्या धाकाबरोबर लेखापरीक्षण, पावत्या आणि जाहीर हिशेब लागतात. ही सोय देवावरचा अविश्वास दाखवते असे मानणे चूक आहे.

लोकांच्या पैशाचा कारभार देवाला स्मरून कसा करावा, याचे उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्हा जिच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी जन्मल्या. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वरहून राज्य चालवले. होळकरांच्या राज्यात दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा आणि खासगीचा, म्हणजे घराण्याचा, पैसा यांची खाती वेगळी होती. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी बांधलेली देवळे, घाट आणि धर्मशाळा मुख्यतः खासगीतून उभ्या राहिल्या. फौज आणि प्रशासन दौलतीवर चाले. हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकांकडून ऐकून लिहून ठेवले की सत्तेच्या प्रत्येक वापराबद्दल आपल्याला देवाला जबाब द्यायचा आहे, असे त्या मानत. त्यांच्या श्रद्धेत देवाचा न्याय प्रजेला धाक घालण्यासाठी नव्हता. तो सत्तेच्या गादीवर बसलेल्या व्यक्तीसाठी होता, आणि तो पाळायला त्यांनी खातेवहीच्या दोन बाजू वेगळ्या ठेवल्या.

शिंगणापुरातल्या काही कुटुंबांनी अलीकडच्या वर्षांत घराला दार बसवण्याची परवानगी मागितली आहे. परगावाहून येणाऱ्या गर्दीची भीती हे त्यांचे कारण. ज्येष्ठ मंडळी याला राजी नाहीत. दार बसले की शनीला दिलेला शब्द मोडेल, असे त्यांचे म्हणणे. पडदा आणि टेकवलेली फळी यांच्यावर भागवणारी घरे अजून पुष्कळ आहेत, आणि गावातल्या नव्या इमारतींनाही चौकट उघडी ठेवण्याचा जुना दंडक सांगितला जातो. एकाच घरातला मुलगा दार हवे म्हणतो आणि आजी नको म्हणते. दोघेही शनिवारी तेल घेऊन चौथऱ्याकडे जातात.